ग्रीक पुराणांतील रूपांतरे आणि कलावंत

रोमच्या यात्रेला जाणारे आपले भाविक संत पेत्राचे महामंदिर, कॅटाकोम्बमधील थडगी आणि संतांचे अवशेष यांचे दर्शन घेऊन परततात. क्वचित कुणाला वेळ सापडला, तर तो बोर्गेझे कलादालनातही जाऊन येतो. तेथे संगमरवराचे एक युगुलशिल्प उभे आहे. एक तरुण धावत येऊन एका तरुणीला गाठतो आहे. त्याचा हात तिच्या अंगाला लागला आहे. पण त्याच क्षणी तिच्या पायांच्या बोटांना मुळे फुटली आहेत, देहावर साल चढते आहे आणि वर उचललेल्या हातांची बोटे पाने होऊन पसरली आहेत. तिचे तोंड उघडे आहे. हे अपोलो आणि डाफ्नी यांचे शिल्प. ते ज्याने करवून घेतले तो ख्रिस्तसभेचा एक कार्डिनल होता, आणि चौथऱ्यावर कोरलेल्या लॅटिन ओळी ज्याने रचल्या तो पुढे पोप झाला.

श्रद्धावान मनाला येथे एक प्रश्न पडतो, आणि तो पडणे योग्यच आहे. ग्रीकांच्या देवाची, तीही एका कामातुर देवाची कथा कार्डिनलच्या घरात कशी आली? जादूने माणसाचे जनावर होते, झाड होते, ह्या कथा ख्रिस्ती लोकांनी पुसून का टाकल्या नाहीत? या प्रश्नाचा माग काढायचा तर आम्हांला प्रथम ग्रीक कुंभारांच्या भट्टीपाशी जावे लागेल.

सर्सीचा प्याला

होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात सर्सी नावाच्या जादूगारिणीची कथा आहे. ट्रॉयच्या युद्धाहून घरी परतणारा ओडिसियस तिच्या बेटाला लागतो. युरिलोकस आणि त्याच्यासोबत बावीस जण पाहणीसाठी पुढे जातात. सर्सी त्यांना आत बोलावते, आसने देते आणि चीज, सातूचे पीठ, मध व मद्य यांचे मिश्रण पाजते. त्यात तिने औषधी कालवलेली असते. मग ती छडीचा फटका मारते आणि सर्वांची डुकरे होतात. युरिलोकसला संशय आलेला असतो. तो बाहेर राहिल्यामुळे वाचतो. होमरने येथे एक भयंकर गोष्ट सांगितली आहे. त्यांची डोकी, आवाज, केस, शरीर सारे डुकराचे झाले, पण मन मात्र पूर्वीसारखेच राहिले. म्हणजे गोठ्यात कोंडलेले ते जीव आपण माणसे आहोत हे जाणत होते. सर्सी त्यांच्यापुढे खायला ओकची फळे टाकत होती, आणि ते रडत होते.

कवीला ही गोष्ट सांगणे सोपे आहे. आधी माणूस होता, मग डुक्कर झाले, आणि आत मन तेच राहिले, असे तो शब्दांत सांगू शकतो. चित्रकाराच्या हाती मात्र एकच क्षण असतो. त्याने नुसते डुक्कर काढले तर पाहणाऱ्याला ते डुक्करच वाटेल. नुसता माणूस काढला तर जादू कुठे आहे? ग्रीक चित्रकारांनी या अडचणीतून जो मार्ग काढला, तो आजही पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेतील बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात अथेन्सच्या कुंभारांनी घडवलेला एक मद्याचा प्याला आहे. तो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्यातील, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांहून जुना. लालसर मातीवर काळ्या आकृती काढण्याच्या त्या काळच्या पद्धतीने त्यावर सर्सी रंगवली आहे. ती मधोमध उभी राहून प्याला पुढे करते आहे. भोवती ओडिसियसचे सोबती आहेत. त्यांची मस्तके जनावरांची, पण धड, हात आणि पाय माणसांचे आहेत. एका बाजूने ओडिसियस तलवार घेऊन येतो आहे. दुसऱ्या बाजूने एक जण पळ काढतो आहे. विशेष असे की, होमरने फक्त डुकरे सांगितली असताना चित्रकाराने रानडुक्कर, मेंढा, सिंह अशी निरनिराळी मस्तके काढली आहेत. प्रत्येकाची अधोगती त्याच्या त्याच्या जातीची, असे जणू त्याला सुचवायचे असावे.

ते मानवी हात आम्हांला फार बोलके वाटतात. 'मन पूर्वीसारखेच राहिले' हे होमरचे वाक्य रंगवता येत नाही. पण रानडुकराच्या मस्तकाखाली माणसाचा हात तसाच ठेवला की आतला माणूस अजून गेलेला नाही हे दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे चित्र मद्याच्या प्याल्यावर आहे. मेजवानीत तो प्याला हातात घेऊन पिणाऱ्याला समोर काय दिसे? प्याला तोंडी लावून जनावर झालेला माणूस. त्याच प्याल्याच्या दुसऱ्या बाजूला एकाक्ष राक्षस पॉलिफिमस आहे, ज्याला होमरच्या कथेत ओडिसियसने मद्य पाजूनच जेरीस आणले. दारूपायी घराची धूळधाण झालेली कुटुंबे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

पुढे शंभरेक वर्षांनी चित्राचा रोख बदलतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराचे एक मोठे पात्र आहे. त्यावर ओडिसियस सर्सीच्या मागे धावतो आहे आणि तिच्या हातून प्याला व छडी गळून पडत आहेत. देवदूत हर्मिसने त्याला 'मोली' नावाची काळ्या मुळाची, पांढऱ्या फुलाची वनस्पती दिलेली होती. तिच्यामुळे जादू त्याच्यावर चालली नाही. बिओशिया प्रांतात थीब्जजवळ काबिरी दैवतांच्या स्थानी मिळालेल्या मातीच्या भांड्यांवर तर ही कथा चक्क थट्टेने रंगवली आहे. ग्रीक लोक आपल्या पुराणांना भीत होते, त्यांच्यापासून शिकत होते आणि त्यांना हसतही होते.

अर्ध्या वाटेवरचे देह

दुसरी कथा मद्याचा देव डायोनिसस याची. चाचे लोक त्याला एखादा राजपुत्र समजून पळवतात आणि जहाजावर बांधू पाहतात. गाठी आपोआप सुटतात. एकटा सुकाणू धरणारा नाविक ओळखतो की हा साधा मर्त्य नाही, आणि त्याला सोडून देण्याची विनवणी करतो. कुणी ऐकत नाही. मग देव सिंहाचे रूप घेतो, भेदरलेले चाचे समुद्रात उड्या टाकतात आणि त्यांचे डॉल्फिन होतात. वाचतो तो फक्त सुकाणूवाला. कारण आपल्यासमोर कोण आहे हे त्याने वेळेवर ओळखले.

म्युनिच येथील एक्सेकियसच्या सुप्रसिद्ध प्याल्यावर, जो इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमाराचा आहे, सारे संपल्यानंतरची शांतता आहे: शिडाचे जहाज, त्यात पहुडलेला देव, डोलकाठीवर चढलेला द्राक्षवेल आणि भोवती पोहणारे डॉल्फिन. त्यानंतर थोड्याच वर्षांनी इटलीतील एट्रुस्कन चित्रकाराने एका पाण्याच्या घागरीवर याच कथेचा मधला क्षण पकडला. त्याचे चाचे समुद्रात सूर मारत आहेत. वरचा देह डॉल्फिनचा झाला आहे आणि पाय अजून माणसाचेच आहेत. ही घागर अमेरिकेतील टोलेडो संग्रहालयात बरीच वर्षे होती. ती इटलीतून बेकायदा बाहेर गेली होती असे दिसून आल्यावर २०१३ साली ती इटलीला परत देण्यात आली.

याच कथेचे एक शिल्प अथेन्समध्ये उघड्यावर आहे. लिसिक्रेटिस नावाच्या श्रीमंत नागरिकाने मुलांच्या गायनवृंदाचा खर्च उचलला आणि त्या वृंदाला स्पर्धेत बक्षीस मिळाले. त्याची आठवण म्हणून इसवी सनापूर्वी ३३५-३३४ मध्ये त्याने एक वर्तुळाकार स्मारक उभारले. त्यावरच्या शिल्पपट्टीत डॉल्फिनचे डोके फुटलेले चाचे पाण्यात झेप घेताना दिसतात. हे स्मारक टिकले कसे, ही गोष्ट आपल्या वाचकांस आवडेल. फ्रेंच कापुचिन धर्मबंधूंनी १६६९ मध्ये ते विकत घेऊन आपल्या मठात सामावून घेतले. मठाचे ग्रंथ त्यात ठेवले जात. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत मठ जळाला, स्मारक मात्र उरले. प्रार्थनेला बसणाऱ्या संन्याशांनी डायोनिससच्या चाच्यांचे छप्पर आपल्या पुस्तकांवर धरले होते. ते फोडून टाकावे असे त्यांना वाटले नाही.

तिसरी कथा आक्टेऑन या शिकाऱ्याची. रानात स्नान करणारी देवी आर्टेमिस त्याच्या नजरेस पडते. ती त्याला हरिण करते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. सिसिलीतील सेलिनुन्ते येथील देवळाच्या एका शिल्पशिलेवर, जी आज पालेर्मोच्या संग्रहालयात आहे, आक्टेऑनचा देह पूर्ण माणसाचा आहे. कुत्र्यांना तो हरिण दिसतो, आपल्याला माणूस. पाहणाऱ्याच्या काळजाला जी कळ लागते ती यामुळेच.

दोन हजार वर्षांनी व्हेनिसच्या टिशनने हीच कथा रंगवली. फ्रारी चर्चमधील स्वर्गोन्नयनाच्या भव्य चित्राचा कर्ता तो हाच टिशन. त्याने स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी पुराणकथांची चित्रमाला काढली. त्यातील आक्टेऑन देवीला पाहतो त्या प्रसंगाचे चित्र १५५९ मध्ये पूर्ण झाले. शिकाऱ्याच्या मृत्यूचे चित्र मात्र राजाकडे कधी पोहोचलेच नाही; १५७६ मध्ये टिशन वारला तोवर ते त्याच्या हातीच राहिले. आज ते लंडनच्या राष्ट्रीय चित्रालयात आहे. त्यात मस्तक हरणाचे आणि देह माणसाचा आहे. बॉस्टनच्या प्याल्यावरची ग्रीक युक्ती येथे पुन्हा भेटते. जाता जाता नोंदवतो, हा फिलिप १५८० नंतर पोर्तुगालचाही राजा झाला, आणि त्यामुळे वसई व गोवा ही त्याच्या सत्तेखाली आली. आपले पूर्वज ज्या राजाच्या नावाने शेतसारा भरत होते, त्याच्या महालाच्या भिंतीवर आक्टेऑन होता.

ख्रिस्तसभेने काय केले?

या कथा युरोपला मिळाल्या त्या मुख्यतः रोमन कवी ओव्हिड याच्या हातून. इसवी सन ८ च्या सुमारास त्याने 'मेटामॉर्फोसीस', म्हणजे 'रूपांतरे', हे पंधरा खंडांचे काव्य पूर्ण केले. त्याच साली सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केले.

ख्रिस्ती विचारवंतांपुढे हा ग्रंथ होता, आणि त्यांनी त्याचा विचार गांभीर्याने केला. संत ऑगस्टीन 'देवनगरी' या ग्रंथाच्या अठराव्या भागात सर्सीचे नाव घेऊन या विषयाकडे वळतो. तो सांगतो की, आपण इटलीत असताना तिकडच्या काही खाणावळवाल्या बायकांविषयी अशा कथा ऐकल्या होत्या. त्या प्रवाशांना चीजमधून काही तरी खायला घालतात आणि ओझ्याची जनावरे करून राबवतात. होमरच्या प्याल्यातही चीज होते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ऑगस्टीनचा निर्णय स्पष्ट आहे. निर्माण करण्याची शक्ती फक्त देवाची आहे. सैतान माणसाचे मन काय, शरीरही खरोखर जनावराचे करू शकत नाही. तो केवळ भास उत्पन्न करतो. जादूच्या धाकात जगणाऱ्या समाजाला हा केवढा दिलासा होता! करणी, मूठ, चेटूक यांच्या भयाने आजही काही घरे पोखरली जातात. ऑगस्टीनचे हे म्हणणे तेथे वाचून दाखवावे.

दुसरा विचारवंत बोएथियस. राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत असताना, मृत्युदंडाची वाट पाहत, ५२४ च्या सुमारास त्याने तत्त्वज्ञानापासून मिळणाऱ्या सांत्वनावर ग्रंथ लिहिला. त्यात तो सर्सीची कथा उलटी फिरवतो. सर्सीचे विष शरीर पालटते, पण हृदयाला हात लावू शकत नाही. दुर्गुणांचे विष त्याहून जालीम. ते शरीर तसेच ठेवते आणि आतला माणूस नाहीसा करते. चांगुलपणा सोडणारा माणूस माणूसच राहत नाही. लोभी लांडगा होतो, असे तो म्हणतो. ग्रीक चित्रकाराने जनावराच्या मस्तकाखाली माणसाचे हात दाखवले होते. बोएथियस आपल्याला माणसाच्या मस्तकाखालचे जनावर पाहायला सांगतो, आणि ते पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

मध्ययुगात या कथांचे धार्मिक अर्थ लावण्याची मोठी लाट आली. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ओव्हिडचे फ्रेंच पद्यात नीतिपर रूपांतर झाले. १३४० च्या सुमारास पिएर बेर्स्युइर या संन्याशाने लॅटिनमध्ये तसेच काम केले. प्रत्येक देवात ख्रिस्त आणि प्रत्येक झाडात क्रूस शोधण्यापर्यंत मजल गेली. गंमत अशी की, १५५९ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत ओव्हिडचे मूळ काव्य नव्हते, तर त्यावरची ही रूपकात्मक भाष्ये होती. कथा कथा म्हणून वाचा, तिच्या तोंडी ओढूनताणून शुभवर्तमान घालू नका, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

त्यामुळे कार्डिनलांच्या वाड्यांत या कथांना जागा मिळाली. १५९५ ते १५९७ च्या सुमारास आनिबाले कारात्ची याने कार्डिनल ओदोआर्दो फार्नेझे यांच्या खासगी दालनात सर्सी रंगवली. त्यात हर्मिस मागून गुपचूप ओडिसियसच्या प्याल्यात ती रक्षक वनस्पती टाकतो आहे. तरुण कार्डिनलच्या अभ्यासिकेत मोहाचा प्याला आणि त्यावरचा उतारा एकाच चित्रात होते.

डाफ्नीचे तोंड

आता पुन्हा बोर्गेझे दालनात येऊ. ते शिल्प जान लोरेन्झो बर्निनी याने १६२२ ते १६२५ या काळात कार्डिनल शिपियोने बोर्गेझे यांच्यासाठी घडवले. आरंभ केला तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. पाने आणि मुळे यांच्या नाजूक कोरीव कामात जुलियानो फिनेल्ली या साहाय्यकाचा मोठा वाटा होता. ग्रीक चित्रकारांनी मस्तक आणि धड यांत जी सरळ रेघ मारली होती, ती बर्निनीने पुसली. कातडी कुठे संपते आणि साल कुठे सुरू होते, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

पुढे १६६५ मध्ये, पॅरिसला गेला असता, म्हाताऱ्या बर्निनीने एक आठवण सांगितली. एका फ्रेंच कार्डिनलला ही मूर्ती घरात ठेवण्याजोगी वाटली नाही. तेव्हा कार्डिनल माफेओ बार्बेरिनी यांनी दोन लॅटिन ओळी रचून तो आक्षेप मिटवला. निसटत्या रूपाच्या सुखामागे धावणाऱ्याच्या ओंजळीत शेवटी पाने आणि कडू फळे येतात, असा त्यांचा आशय. १६२३ मध्ये हेच बार्बेरिनी आठवे अर्बन म्हणून पोप झाले.

हा उपदेश खरा आहे, पण तो अपोलोला उद्देशून आहे. आम्हांला वाटते की बर्निनीची छिन्नी त्या ओळींच्या पुढे गेली. ओव्हिडच्या काव्यात डाफ्नी आपल्या पित्याला, नदीच्या देवाला, हाक मारते आणि ज्या रूपामुळे हे संकट ओढवले ते रूपच नष्ट कर म्हणते. ती वाचते, पण बोलणे, चालणे, धावणे सारे गमावून. एवढे होऊनही अपोलो तिला सोडत नाही. तू माझी झाली नाहीस तरी माझे झाड होशील म्हणतो आणि तिच्या फांद्यांचा मुकुट करतो. तिचा नकार त्याने शेवटपर्यंत ऐकलाच नाही. शिल्पात अपोलोच्या चेहऱ्यावर अजून काही उमगल्याची खूण नाही. त्याच्या हाताला मात्र देहाऐवजी साल लागली आहे. तिच्या उघड्या तोंडातून जी किंकाळी फुटते आहे, तिच्याविषयी चौथऱ्यावर एक अक्षरही नाही. पाठलाग करणाऱ्याच्या आत्म्याची काळजी वाहताना पळणारीचे दुःख विसरले जाते. हे फक्त सतराव्या शतकात घडत होते असे कुणी समजू नये. आपल्या लेकी जेव्हा घरी येऊन काही सांगू पाहतात, तेव्हा आधी त्यांचे ऐकावे, उपदेशाच्या ओळी मग कोराव्यात.

त्याच सुमारास, १६२४ ते १६२६ मध्ये, बर्निनी रोममधील एका चर्चसाठी संत बिबियाना या रक्तसाक्षी कुमारिकेची मूर्ती घडवत होता. तिचाही चेहरा वर वळलेला आहे. डाफ्नीच्या पित्याने लेकीची हाक ऐकली आणि तिला झाड केले. बिबियानाने देह गमावला, पण ती बिबियाना म्हणूनच देवापुढे उभी आहे.

बर्निनीच्या कार्यशाळेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. त्याच्यासोबत काम केलेल्या एर्कोले फेर्राता याने रोममध्ये ज्वान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या तरुणाला शिल्पकला शिकवली. या फोज्जिनीनेच संत फ्रान्सिस झेवियरच्या कबरीचे ते संगमरवरी व कांस्य स्मारक घडवले, जे टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने गोव्यास पाठवले आणि १६९८ मध्ये बॉम जेझू महामंदिरात उभे राहिले. शवप्रदर्शनाच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या कित्येकांनी ते पाहिले आहे.

तोच शब्द, दुसरा डोंगर

शेवटी एका शब्दाकडे वळतो. ओव्हिडच्या ग्रंथाचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, तोच शब्द शुभवर्तमानात आहे. प्रभू येशू डोंगरावर गेला आणि शिष्यांसमक्ष त्याचे 'रूपांतर' झाले, असे सांगताना मत्तय आणि मार्क यांनी मेटामॉर्फोसीसचेच क्रियापद वापरले आहे. लूकने मात्र ते टाळून, त्याच्या चेहऱ्याचे स्वरूप निराळे झाले, असे लिहिले. त्याच्या ग्रीक वाचकांना सर्सी आणि डाफ्नी आठवू नयेत म्हणून त्याने तसे केले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. संत पौल मात्र रोमकरांस लिहिताना हाच शब्द निःशंकपणे वापरतो आणि मनाच्या नवीकरणाने तुमचे रूपांतर होऊ द्या म्हणतो. रोममध्ये ओव्हिडचे काव्य पूर्ण होऊन तेव्हा पन्नास वर्षे उलटली होती.

सीनाय पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरिनच्या मठात, वेदीच्या वरच्या अर्धघुमटात, सहाव्या शतकातील रूपांतराचे मोझाइक आहे. शुभ्र वस्त्रांतला प्रभू, दोन्ही बाजूंस मोशे आणि एलिया, खाली पेत्र, योहान, याकोब. त्याच्यातून किरण निघत आहेत. ग्रीक कलावंत रूपांतर दाखवताना देहाचा एक भाग काढून घेत. कुणाचे मस्तक, कुणाचे हात, कुणाचे पाय. येथे काहीच काढून घेतलेले नाही. चेहरा त्याचाच आहे, शिष्य त्याला ओळखतात.

दान्तेने 'स्वर्ग' या काव्याच्या आरंभीच, माणूस मानवी मर्यादेपलीकडे कसा जातो हे सांगण्यासाठी, ओव्हिडमधला ग्लॉकस निवडला. जाळे पसरून काठावर बसलेला हा कोळी एक गवत चाखतो आणि सागरदेवांच्या पंक्तीला जातो. स्वर्गाचा अनुभव सांगायला दान्तेला ग्रीक कोळ्याची कथा चालली, आणि त्यात ख्रिस्तसभेचे काही बिघडले नाही.

म्हणून कार्डिनलच्या घरातल्या डाफ्नीकडे पाहून कुणी बिचकू नये. ती आणि सर्सीच्या प्याल्यावरचे ते रडणारे सोबती आपल्याला एकच प्रश्न विचारत आहेत: रूप पालटले तरी आतला माणूस कुणाला दिसतो काय? होमरच्या कथेत ओडिसियसला तो दिसला. सर्सीने पुढे वाढलेले ताट त्याने बाजूला सारले आणि सोबती परत माणसे झाल्याशिवाय आपण घास घेणार नाही म्हणाला. तेव्हा तिने त्यांना लेप लावला, आणि ते पूर्वीपेक्षा तरुण व देखणे होऊन उठले.